बाबूजमाल दर्गा आणि कोल्हापूरचे पीर-पंजे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहरमचा चाँद जवळ आला की प्रश्नांचा ओघ सुरू होतो. पुण्या-मुंबईत वाढलेली कोल्हापूरकरांची मुलं विचारतात, अंबाबाईला आलेले भाविक विचारतात, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पंजाचा (मोहरममध्ये बसवतात तो काठीवरचा धातूचा हात, प्रश्न 7) मान आहे तेही विचारतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवात साध्या प्रश्नांनी केली आहे आणि अडचणीचे प्रश्न पुढे घेतले आहेत. एका उत्तरातलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, त्या त्या ठिकाणी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. बाबूजमाल दर्गा नेमका कुठे आहे आणि कुणाचा आहे?

कोल्हापूरच्या जुन्या गावठाणात, अंबाबाईच्या मंदिरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. बाबूजमाल या सूफी पिराची मजार, म्हणजे कबर, इथे आहे. पिराच्या नावाची तालीम आहे, तालमीच्या नावानं पेठेतला तो भाग ओळखला जातो. त्यामुळे कोल्हापुरात ‘बाबूजमालला चाललोय’ म्हटलं की माणूस दर्ग्यात चाललाय, तालमीत चाललाय की नुसता त्या गल्लीत कुणाच्या घरी चाललाय, हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. मोहरममध्ये इथे बसणारा पंजा ‘नाल्या हैदर’ म्हणून ओळखला जातो आणि शहरातल्या मोठ्या मानाच्या पंजांमध्ये त्याची गणना होते.

2. दर्गा, मशीद, तकिया, तालीम… यात फरक काय? आम्हाला सगळं एकच वाटतं.

मशीद नमाजासाठी. तिथे कुणाची कबर लागत नाही आणि नवसही बोलत नाहीत. दर्गा म्हणजे पिराची मजार आणि तिच्याभोवतीचं आवार. इथे फुलं, चादर, फातिहा (प्रार्थना), नवस सगळं चालतं. पुष्कळ दर्ग्यांच्या आवारात नमाजाची जागाही असते, म्हणून गोंधळ होतो. तकिया ही फकिरांची उतरण्याची, राहण्याची जागा. तालीम म्हणजे आपला कुस्तीचा आखाडा. पण कोल्हापुरात तालीम हे पेठेचं कार्यालय, गणेश मंडळ, फुटबॉलचा संघ आणि पंजा बसवायची जागा असं सगळं एकदम असतं. त्याबद्दल प्रश्न 12 मध्ये.

3. सूफी मंडळी कोल्हापूरकडे आली कधी?

1347 मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि गुलबर्गा त्याची राजधानी झाली. चिश्ती परंपरेतले ख्वाजा बंदेनवाज गुलबर्ग्याला स्थायिक झाले आणि 1422 मध्ये तिथेच वारले. त्या काळापासून दख्खनच्या वाटांवर सूफी फकिरांची ये-जा वाढली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस विजापूरची आदिलशाही आली आणि पन्हाळा, कोल्हापूर हा सारा मुलूख तिच्याकडे गेला. शिवाजी महाराजांनी 1659 मध्ये पन्हाळा पहिल्यांदा घेतला, सिद्दी जौहरच्या वेढ्यानंतर तो सोडावा लागला आणि 1673 मध्ये पुन्हा घेतला. म्हणजे या भागातल्या बहुतेक जुन्या पिरांची मुळं बहमनी-आदिलशाही काळातल्या या दीर्घ वस्तीत आहेत.

पण दर्गे टिकले ते मराठ्यांच्या राज्यात. अंबाबाईची मूर्ती 1715 मध्ये पुन्हा मंदिरात बसली, 1782 च्या सुमारास राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापुरात आली, पेठा वाढल्या, वाडे उभे राहिले. त्या वाढत्या गावात पीर आपापल्या जागी राहिले, त्यांच्या दिवाबत्तीची सोय राहिली. छत्रपतींच्या घराण्याला हे नवं नव्हतं. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलला आणि त्या श्रद्धेतून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही हकिगत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

4. दर्ग्याच्या दारावर गणपती आहे म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. प्रवेशद्वारावर गणपती कोरलेला आहे. पहिल्यांदा येणारा माणूस खाली बघून चपला काढतो आणि सरळ आत शिरतो, म्हणून त्याच्या लक्षात येत नाही. चौकटीसमोर दोन पावलं मागे उभं राहून वर बघा. आत जाणाऱ्यांपैकी कुणी आधी गणपतीला हात जोडतो, कुणी उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावतो, कुणी सलाम करतो. तुम्ही अमुकच करा, असं तिथे कुणी सांगत नाही.

फोटो काढायला बाहेरून कुणाची हरकत नसते. आत काढायचा तर मुजावरांना, म्हणजे दर्ग्याची सेवा करणाऱ्यांना, विचारा.

5. गणपती आहे म्हणजे आधी तिथे मंदिर होतं ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि बहुतेकदा उत्तर आधीच ठरवून येतो. एका कोरीव दगडावरून इमारतीचा मूळ धर्म ठरत नाही. दख्खनमध्ये चौकटीवर गणपती कोरणं ही गवंड्यांची नेहमीची रीत. मंदिराच्या दारावर तो असतो तसा वाड्याच्या दारावरही असतो, जुन्या घरांच्या गणेशपट्टीवरही असतो. जुन्या इमारतींचे दगड नव्या बांधकामात वापरणंही इथे सर्रास होतं. किल्ल्यांच्या तटात, विहिरींच्या पायऱ्यांत, घाटावर असे दगड पावलोपावली दिसतात. आणि विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह, ज्यानं 1580 ते 1627 राज्य केलं, तो आपल्या पदांमधून गणपतीला पिता आणि सरस्वतीला माता म्हणत असे. त्या दरबाराच्या मुलखात दारावर गणपती बघून कुणी दचकायचं कारण नव्हतं.

माझं मत विचाराल तर दगड आला कुठून, यापेक्षा तो इतकी शतकं तिथे कुणी राहू दिला, हे जास्त महत्त्वाचं. दर्ग्याच्या लोकांनी तो खरवडला नाही, पेठेनं त्याच्यावरून दर्ग्यावर हक्क सांगितला नाही. दोघांनी मिळून त्याला शेंदूर-फुलांसह सांभाळलं आहे.

6. गणपती आणि पंजा शेजारी शेजारी बसतात, ते दरवर्षी का?

नाही. हिजरी वर्ष चांद्र आहे आणि त्यात अधिक महिना धरत नाहीत, त्यामुळे मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आपलं पंचांगही चांद्र, पण अधिक महिन्यामुळे ते ऋतूंशी बांधलेलं राहतं. म्हणून साधारण बत्तीस-तेहेतीस वर्षांनी मोहरम आणि भाद्रपद गाठ घेतात आणि मग दोन-तीन वर्षं लागोपाठ एकत्र येतात. अलीकडे 2018, 2019 आणि 2020 मध्ये असं झालं. त्याआधी 1980 च्या दशकाच्या मध्यात झालं होतं. 2018 आणि 2019 चे फोटो बघितलेत तर एकाच ठिकाणी गणपती आणि पंजा, एकाच आराशीत दिसतील. 2020 मध्ये साथ होती, त्यामुळे दोन्ही उत्सव घरगुती बेतानं झाले.

पुन्हा योग यायला आता 2050 च्या दशकाची वाट बघावी लागेल. बाबूजमाल तालमीत मात्र गणपतीही बसतो आणि पंजाही, आपापल्या तिथीला, आणि राबणारी पोरं तीच.

7. पंजा म्हणजे काय? नाल, स्वारी, ताबूत हे शब्दही ऐकतो.

पंजा म्हणजे धातूचा हात, काठीवर बसवलेला. पाच बोटं म्हणजे पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन, असा अर्थ लावतात. नाल म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराचं चिन्ह. करबल्यात मारले गेलेले पैगंबरांचे नातू हुसेन (प्रश्न 13) यांच्या घोड्याची आठवण म्हणून ते पुजलं जातं, आणि ‘नालसाहेब’ हे नाव त्यावरून. हैदर हे हजरत अलींचं नाव, त्यावरून ‘नाल्या हैदर’. पंजा सजून, वाजत-गाजत बाहेर पडतो तेव्हा त्याला स्वारी म्हणतात. शहरातली ‘वाळव्याची स्वारी’ जुन्या माणसांना विचारा, सांगताना थांबायचे नाहीत.

ताबूत वेगळा. तो करबल्यातल्या हुसेन यांच्या कबरीची प्रतिकृती: बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, बेगड. ताबूत दरवर्षी नवा करायचा, पंजा पिढ्यान्‌पिढ्या तोच.

8. मोहरमच्या दहा दिवसांत कोल्हापुरात काय काय असतं?

आधी कुदळ मारतात. पंजासमोर जी खाई, म्हणजे निखाऱ्यांचा खड्डा (प्रश्न 9), घ्यायची तिच्या जागी पहिली कुदळ पडली की पेठेला कळतं, मोहरम लागला. मग पंजे बाहेर काढून घासून-पुसून लख्ख करतात. हे काम बघण्यासारखं असतं. वर्षभर पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेला पंजा चिंचेनं घासतात, धुतात, ऊद दाखवतात, मग काठीला कापडं बांधायला सुरुवात होते. एकावर एक, हिरवी, लाल, केशरी, जरीची. नवसाची वस्त्रं इतकी असतात की काठी शेवटी माणसाच्या देहासारखी भरून येते. त्यावर फुलांचा शेरा, म्हणजे माळांचा पडदा, सोडतात. तो सोडला की पंजाचं ‘तोंड’ झाकलं गेलं म्हणतात, आणि तिथून पुढे बोलण्याचा सूर बदलतो: पीर ‘बसले’, पीर ‘निघाले’, पीर ‘भेटले’.

पहिले काही दिवस दर्शनाचे. घरोघरच्या बायका नैवेद्य घेऊन येतात, मुलांच्या गळ्यात नाडा घालून नेतात. पाचव्या दिवसापासून पंजे बाहेर पडायला लागतात. ढोल-ताशे, अब्दागिरी, मोरचेल, पुढे ऊदाची धुपाटणी. एका पेठेचा पंजा दुसऱ्या पेठेच्या पंजाला भेटायला जातो. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंनी गर्दी रेटत येते, पंजे समोरासमोर येतात, धरणारे एकमेकांकडे झुकतात आणि पंजाला पंजा लागतो. ही भेट म्हणजे दोन पेठांची भेट. कुणी कुणाकडे आधी जायचं, कुठे थांबायचं, हे सगळं मानानुसार ठरलेलं असतं आणि ते कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं.

नवव्या दिवसाची रात्र ही खत्तलरात्र. त्या रात्री शहर झोपत नाही. दहाव्या दिवशी पंजे आणि ताबूत पंचगंगेवर जातात. ताबूत विसर्जित होतात. पंजे नदीत सोडत नाहीत, पाण्यानं थंडे करून, झाकून परत आणतात. जाताना वाजत गेलेला पंजा येताना शांत येतो.

9. खाईतल्या निखाऱ्यांवरून चालतात ते कशासाठी? त्यात जीव धोक्यात नाही का?

लाकडं पेटवून निखारे होऊ देतात, खत्तलरात्री पंजा घेतलेले आणि नवसकरी त्यातून जातात. ‘खाई फोडणं’ असं त्याला म्हणतात. हुसेन यांच्या हालांची आठवण म्हणून हे करतात. धोका आहेच. निखारे नीट पसरलेले नसतील, कुणी मध्येच अडखळला, नायलॉनचं कापड अंगावर असलं तर भाजतं. लहान मुलाला खांद्यावर घेऊन खाईत उतरू नये. नवस असला तर तो खाईला नमस्कार करून, मीठ-ऊद वाहूनही पुरा करतात, आणि त्यानं नवसाला उणेपणा येत नाही. तालमीतल्या वडीलधाऱ्यांना विचारलंत तर तेही हेच सांगतील.

10. चोंगे म्हणजे काय? घरी करता येतात का?

मोहरमचा नैवेद्य म्हणजे चोंगे आणि मलिदा. चोंग्यांसाठी गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा आणि त्या पाण्यात कणीक घट्ट भिजवायची. मोहन थोडं जास्त. जाडसर लाटून वर नक्षी उठवायची, खसखस दाबायची, मग मंद आचेवर. आमच्याकडे कुणी तव्यावर तेल सोडून भाजतात, कुणी तळतात. आच मोठी झाली की गुळामुळे बाहेरून काळा पडतो आणि आत कच्चा राहतो, एवढंच सांभाळायचं. मलिदा सोपा: चपात्या गरम असतानाच कुस्करायच्या, गूळ-तूप घालून हातानं मळायचं.

दर्ग्यात नेताना पाच चोंगे न्यायची पद्धत आहे. फातिहा झाल्यावर काही तिथे ठेवतात, उरलेले प्रसाद म्हणून परत. ते शेजारीपाजारी वाटायचे असतात.

11. माझ्या मुलाला ‘फकीर करायचं’ असं सासूबाई म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

घाबरू नका. मूल जगावं, आजारातून उठावं म्हणून बोललेला हा नवस. मोहरममध्ये ठरलेल्या दिवशी मुलाच्या गळ्यात-हातात नाडा घालतात, हिरवं वस्त्र देतात, आणि मूल पाच घरी जाऊन मागून आणतं. मिळालेला शिधा नाहीतर पैसे पंजाला वाहतात. देवीचा जोगवा मागतात तशीच ही रीत आहे, अंबाबाईच्या गावात ती कुणाला परकी वाटली नाही. धर्म बदलत नाही, नाव बदलत नाही, दहाव्या दिवशी नाडा सुटतो. काही घरांत एकाच वर्षापुरती फकिरी असते, काहींत पाच वर्षं. नवस बोलताना काय बोलले होते ते सासूबाईंनाच विचारून घ्या.

12. कुस्तीच्या तालमीत पीर कसा काय?

कोल्हापुरातल्या तालमींची नावंच बघा: बाबूजमाल, बारा इमाम, अवचित पीर, काळा इमाम. पेठेतल्या पोरांनी जिथे घुमायचं, तिथे पेठेचं दैवत असायचंच. तांबड्या मातीत उतरण्याआधी पैलवान मारुतीला नमस्कार करतो आणि त्याच मातीला हात लावून पिराचं नाव घेतो. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आधार दिला, खासबाग मैदान बांधलं, त्यातून तालमींना बळ आलं. तालीम सांभाळणारी माणसंच पंजाही सांभाळू लागली. वर्गणी एकच, मांडव एकच, राबणूक एकच.

13. मोहरम हा तर दुःखाचा महिना. मग ढोल-ताशे कसले? आणि पंजात हिंदूच जास्त दिसतात, ते का?

दोन्ही आक्षेप रास्त आहेत. 10 मोहरम 61 हिजरी, म्हणजे 10 ऑक्टोबर 680 रोजी करबला इथे पैगंबरांचे नातू हुसेन आणि त्यांचे साथीदार मारले गेले. शिया पंथीय हे दहा दिवस शोक पाळतात. कोल्हापूरचे बहुतेक मुसलमान सुन्नी आहेत. त्यांच्यातले पुष्कळ जण नऊ-दहा तारखेला रोजा धरतात, सरबत वाटतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच मौलवींना पंजे-ताबूत मान्य नाहीत. ज्यांना मान्य नाही ते लांब राहतात. त्यांना त्यावरून बोल लावू नये.

पंजांची प्रथा दख्खनमध्ये रुजली त्यामागे विजापूरचा दरबार आहे. यूसुफ आदिलशाहानं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला शिया पंथ मानतो त्या बारा इमामांच्या नावानं खुतबा (शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन) पढवला. पुढे दरबाराचा पंथ कधी शिया, कधी सुन्नी असा बदलत राहिला, पण मोहरम गावोगावच्या पाटलांनी, देशमुखांनी, बलुतेदारांनी आपला करून घेतला होता. त्यांच्या हातात आल्यावर तो त्यांच्या पद्धतीनं साजरा होऊ लागला: पालखीला लागतं ते वाद्य पंजाला लागलं, जत्रेला असतो तो मान पंजाला आला. हुसेन अन्यायापुढे झुकले नाहीत, ही गोष्ट मराठी मुलखाला पोवाड्यासारखी भिडली. शोक वाद्यांच्या आवाजात हरवला, असं मला वाटत नाही. खत्तलरात्री पंजा धरलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा.

14. उरूस आणि मोहरम एकच का?

नाही. मोहरम हुसेन यांच्या स्मरणाचा, सगळीकडे एकाच वेळी. उरूस ज्या त्या पिराच्या पुण्यतिथीचा, म्हणून प्रत्येक दर्ग्याचा वेगळा. उरुसात आदल्या रात्री संदल निघतो, चंदनाचा लेप मजारीवर चढतो. मग गलेफ (मजारीवर घालायची चादर), फातिहा, कव्वाली, जेवणावळी. आपल्याकडे खेड्यापाड्यांत मात्र गावच्या जत्रेलाही बिनदिक्कत उरूस म्हणतात. त्यामुळे ‘गावात उरूस आहे’ एवढ्यावरून तिथे दर्गा आहे असं समजू नका.

15. शाहू महाराजांनी या सगळ्यात काय केलं?

1906 मध्ये त्यांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी करून दिली आणि तिचं अध्यक्षपद स्वतः घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग ते हेच. ज्या मुलांचे बाप पिराची दिवाबत्ती करत होते, त्यांची मुलं तिथे राहून शिकली. कुराण मराठीत यावं म्हणून त्यांनी खर्च केला. देवस्थानांच्या उत्पन्नातला पैसा त्यांनी मशिदीच्या कामासाठीही लावला, पाटगावचं उदाहरण अभ्यासक नेहमी देतात. महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले, आणि कागलचं ग्रामदैवत गैबी पीर आहे. त्याबद्दल प्रश्न 20 मध्ये.

16. दर्ग्यात गाणं चालतं का?

उरुसाला कव्वाली असते. पण या परिसराचं पिराशी नातं त्याहून खोल आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या दरबारात होते, आणि त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ अंबाबाईच्या देवळात गात असत. तिकडे मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. 1937 मध्ये ते गेले, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफली ऐकायला कोल्हापूरची माणसं रात्रीची रेल्वे पकडून जात. देवळात खाँसाहेब आणि दर्ग्यात भीमपलास राग, हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

17. बायकांना आत जाता येतं का?

आवारात येता, पंजाचं दर्शन घेता, नैवेद्य देता येतो. मोहरममध्ये तर रांगेत बायकाच जास्त असतात. मजारीच्या अगदी जवळ जाण्याचा नियम मात्र दर्ग्यागणिक वेगळा आहे. बऱ्याच ठिकाणी बायका जाळीबाहेरून दर्शन घेतात. मुजावरांना सरळ विचारा. मला स्वतःला हा नियम सगळीकडे सैल व्हावा असं वाटतं, कारण हे नवस धरून ठेवले ते आया-आज्यांनीच.

18. पहिल्यांदा येतोय. काय घेऊन यायचं, कसं वागायचं?

डोक्यावर टोपी, रुमाल नाहीतर पदर. चपला बाहेर. हातपाय धुण्याची सोय असली तर धुवा. फुलं, साखर, ऊद-अगरबत्ती, नारळ यांतलं काहीही चालतं आणि काहीच नसलं तरी चालतं. गलेफ आणलाच पाहिजे असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. बाहेर पडताना मजारीकडे पाठ करू नये. कंदुरीचा, म्हणजे बकऱ्याचा नवस असेल तर ते जेवण दर्ग्याच्या आत नेऊ नका; ते आपल्या घरी नाहीतर शेतात होतं.

19. यंदा मोहरम कधी?

चाँद दिसल्यावर ठरतं, म्हणून कॅलेंडरवरच्या तारखेत एक दिवस इकडे-तिकडे होऊ शकतो. 2025 मध्ये दहावा दिवस 6 जुलैला आला होता. तिथून दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे मोजत जा. रजा टाकायची असली तर खत्तलरात्र आणि दुसरा दिवस, दोन्ही धरा.

20. कोल्हापूर जिल्ह्यात आणि आसपास असं आणखी कुठे बघायला मिळेल?

कुरुंदवाडला जा. शिरोळ तालुक्यातल्या या गावात पाच मशिदींत गणपती बसतो: कुडेखान बडेनाल साहेब, ढेपणपूर, बैरागदार, शेळके आणि कारखाना. मांडव बाहेर नाही, मशिदीतच. मोहरम आणि गणपती एकत्र आले त्या वर्षी (प्रश्न 6) दोन्ही तिथेच शेजारी होते.

कागलला गैबी पिराचा उरूस. गहिनीनाथ म्हणा की गैबी पीर, कागलकर दोन्ही नावं एका दमात घेतात. नाथपंथी आणि सूफी एकाच ठिकाणी पुजले जातात, अशी जागा बघायची असेल तर हीच. पन्हाळ्यावर सादोबाचा दर्गा आणि शेजारी सादोबा तलाव. मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसाचा पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि तो मान आजही पाळला जातो. विशाळगडावर मलिक रेहान यांचा दर्गा आहे. गड संरक्षित स्मारक आहे आणि अलीकडे तिथे प्रशासनाचे निर्बंध असतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.

21. गेल्या काही वर्षांत कोल्हापुरात जे झालं, त्यानंतरही हे सगळं तसंच आहे का?

जून 2023 मध्ये शहरात बंद, दगडफेक झाली. जुलै 2024 मध्ये विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापूरमध्ये घरांची आणि मशिदीची नासधूस झाली. ते झाकून ठेवायचं कारण नाही. ज्यांची घरं फुटली ती आपलीच माणसं होती. 2023 च्या त्याच जूनमध्ये दसरा चौकात सद्भावना यात्रेसाठी हजारो लोक जमले, आणि पुढच्याच महिन्यात मोहरम आला तेव्हा तालमींत पंजे बसले. तसंच आहे का, तर बंदोबस्त वाढलाय, मोबाइलवरचे निरोप वाचून घरातली मोठी माणसं पोरांना जरा जास्त सांभाळतात. पण पंजाला खांदा द्यायला माणूस कमी पडत नाही. भीती वाटते म्हणून यायचं थांबू नका, एवढंच मनापासून सांगणं आहे.

22. पंजा उचलायचा मान आमच्या घराण्याकडे आहे, पण यंदा घरात सुतक आहे. काय करायचं?

पिराच्या बाजूनं अडचण नाही, सुतक ही आपल्या घरची रीत. मुजावर तुम्हाला अडवणार नाहीत. तुमच्या घरात सुतक पाळत असाल तर भावकीतल्या, सुतक नसलेल्या माणसाला त्या वर्षापुरता मान द्या आणि हे तालमीत आधी सांगा, ऐन निघायच्या वेळी नको. भावकीच सुतकात असेल तर तालीम दुसरं घर ठरवते. मान कायमचा जात नाही. वस्त्र मात्र तुमच्याच घरचं जाऊ द्या, शेजाऱ्याच्या हातून पाठवलंत तरी चालतं.

23. आम्ही गाव सोडून तीन पिढ्या झाल्या. पेटीत आजोबांचा जुना पंजा सापडलाय. ठेवायचा की द्यायचा?

भंगारात किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊ नका. आधी तो घरचा खासगी नवसाचा पंजा आहे की पेठेचा, हे शोधा. काठी बसवायच्या नळीवर किंवा मागच्या बाजूला कधी कधी नाव, साल कोरलेलं असतं. चिंचेनं हलकं घासलं की अक्षरं उघडतात. ब्रासोसारखं पॉलिश लावू नका, खोदकाम झिजतं. मूळ पेठेतल्या तालमीत फोटो घेऊन जा. साठीच्या पुढचा एखादा माणूस बघताक्षणी सांगतो, हा कुणाचा. पेठेचा निघाला तर मोहरमच्या आधी, कुदळ पडायच्या सुमाराला, तिथे नेऊन द्या. घरचा असेल तर घरीच बसवता येतो: स्वच्छ पाट, हिरवं कापड, ऊद, पाच चोंगे. पहिल्या वर्षी जवळच्या दर्ग्यातून मुजावरांना फातिहासाठी बोलवा, पुढची रीत ते सांगतात.